मिस्त्रीपुढें न बिघडणारी मोटार



दुखणें सांगावयास वैद्याकडे जावें आणि उंबरठा ओलांडतांच तें नाहींसें व्हावें, हा अनुभव आपणांपैकीं अनेकांना असेल. मोटारीलाही असें दुखणें असतें. वाशीम जिल्ह्यांतील कामरगाव हें माझें गांव. गेल्या मे महिन्यांत आईला डॉक्टरांना दाखवावयास अमरावतीला नेत होतों. भर दुपारीं, मागून ट्रक येत असतां, एंजिन एकाएकीं बंद पडलें. कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासानें किल्ली फिरवतांच ती मुकाट्यानें सुरू झाली!

दुसऱ्या दिवशीं गॅरेजांत ती शहाण्या मुलासारखी वागली. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, गाडीले त काहीच नाही झालं." मीं हट्ट धरला म्हणून त्यांनीं पेट्रोलचा पंप बदलला. आठ दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. मग बॅटरी बदलली. पैसे गेले ते गेलेच, पण आईनें त्या गाडींत पाऊल ठेवण्याचें नाकारलें, ही टोचणी अधिक होती.

मिस्त्रींना मी फारसा दोष देत नाहीं. तापल्यानें धातु प्रसरण पावतो. आंतून तुटलेली बारीक तार थंड असतां टेकलेली असते, ती तापली कीं सुटते, आणि निवली कीं पुन्हां जुळते. रात्रभर सावलींत उभी राहिलेली मोटार म्हणजे पुरावा पुसून आलेला आरोपीच. कार्बुरेटरच्या जुन्या मोटारींत उन्हाळ्यांत पेट्रोलची नळींतच वाफ होई, तेव्हां लोक पंपावर ओला फडका टाकून झाडाखालीं बसत. तें दुखणें निदान ओळखीचें तरी होतें.

पुढें मीं एक वही केली. वेळ, किती मैल चालल्यावर बंद पडली, वातानुकूलन चालू होतें कीं नाहीं, काटे काय दाखवीत होते, सारें टिपलें. ती वही घेऊन मिस्त्रींना म्हटलें, "आतां कांहीं बदलूं नका. तपासणीची मजुरी आधीं ठरवूं, आणि दुपारीं दोन वाजतां माझ्याबरोबर चला." त्यांनीं स्कॅनर जोडला. पूर्वींच्या दोषांच्या नोंदी त्यांत सांपडावयास हव्या होत्या. परंतु बॅटरी बदलतांना त्या पुसल्या गेल्या होत्या!

बारा मैलांवर एंजिन बंद पडलें. चाकें फिरत होतीं, गिअर पडलेला होता, म्हणजे एंजिनही फिरत असणारच. तरी स्कॅनर फेरे शून्य दाखवीत होता. एंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर मुका झाला होता, आणि त्याची खबर नसेल तर ठिणगीही पडत नाहीं व पेट्रोलही सुटत नाहीं. मिस्त्रींनीं त्यावर ओला फडका धरला. थोड्याच वेळांत एंजिन सुरू झालें. अंगठ्याएवढी ती वस्तु, बॅटरीहून किती तरी स्वस्त.

परवां आई पुन्हां गाडींत बसली. कारंज्यापर्यंतच, आणि तीही सकाळीं सातच्या आंत.