घरच्या वहीतला हिशोब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर 'मनाचे आरोग्य' असे वाचून काही जणांच्या कपाळाला आठी पडली, ती मला इथून दिसते आहे. सकाळी चहाच्या वेळी एकाने तोंडावरच विचारले, "भाऊ, मालाच्या भावाचं सोडून हे मनाचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

शेतकऱ्याने जीव दिला की कचेरीतून कारणांची यादी निघते. दारू होती, घरात भांडण होते, डोक्यावर परिणाम झाला होता. त्या यादीत कापसाचा भाव नसतो आणि सावकाराचे व्याजही नसते. म्हणून 'मन' हा शब्द निघाला की आपण सावध होतो, आणि तसे सावध राहिलेच पाहिजे. समुपदेशक पाठवून सोयाबीनचा भाव क्विंटलमागे एक रुपयानेही चढत नाही. हे मी आजही म्हणतो, उद्याही म्हणेन.

पण भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे की नाही? २०२२ या एका वर्षात देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यातले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले. हा सरकारी दप्तरातला आकडा आहे. यातले किती जण त्या दिवसापूर्वी कोणाजवळ मोकळेपणाने बोलले असतील? त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

आता जरा मागे जाऊ. ऐंशीच्या दशकात शेतकरी चळवळीने गावोगाव काय केले? फळ्यावर एकरी खर्च मांडला. नांगरट, बी, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी. बेरीज केली आणि शेजारी मिळालेला भाव लिहिला. तोवर शेतकऱ्याला वाटत होते की आपल्याला शेती करता येत नाही, आपण आळशी, आपण अडाणी, आपले नशीब फुटके. फळ्यावरची वजाबाकी पाहून त्याला कळले की तोटा त्याच्या हातात नव्हता, भावात होता. त्या दिवशी त्याची मान सरळ झाली. तालुक्याच्या साहेबापुढे चप्पल बाहेर काढून उभा राहणारा माणूस खुर्ची ओढून बसू लागला. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. कोणी पाठ थोपटली म्हणून तो आला नव्हता, स्वतःवरचा खोटा ठपका पुसला गेला म्हणून आला होता. आणि तो घरात एकट्याने बसून आला नाही, दहा जणांत बसून आला. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, तेव्हा बायांच्या बाबतीतही हेच घडले. जी गोष्ट प्रत्येकीला आपल्याच घरची वाटत होती, ती सगळ्यांच्या घरची निघाली.

मात्र एक काम राहून गेले. फळ्यावर आपण पिकाचा हिशोब मांडला, घरचा मांडला नाही. सभेत सरकारचे वाभाडे काढणारा कार्यकर्ता जप्तीची नोटीस आली की ती बायकोलासुद्धा दाखवत नाही. गाद्यांच्या घडीत दडवतो. पाराचेच बघा ना. पारावर पावसाचे बोलणे होते, निवडणुकीचे होते, कोणाच्या पोरीचे कुठे जमले याचे तर फारच होते. "मला महिनाभर झोप नाही" एवढे एक वाक्य मात्र तिथे कोणी बोलत नाही. अब्रू जाते ना! गडी माणूस असून रडतो, असे लोक म्हणतील. मग तो पारावर येणेच बंद करतो, लग्नाकार्याला जात नाही, फोन उचलत नाही. आपणही म्हणतो, फार शिष्ट झालाय. तो शिष्ट नसतो, भावांनो. खचलेला असतो.

हे काम डॉक्टरांचे, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. आपल्यासारख्याच एका गरीब देशातले उदाहरण सांगतो. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेमध्ये मनाच्या आजाराचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. डिक्सन चिबांडा हे त्यांतले एक. त्यांची एक तरुण पेशंट दवाखान्यात आलीच नाही आणि तिने जीव दिला. न येण्याचे कारण काय, तर बसभाड्याला पैसे नव्हते. हे कारण आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. मग २००६ साली त्यांनी राजधानी हरारेच्या म्बारे या गरीब वस्तीत १४ आज्या निवडल्या, आरोग्याचे काम केलेल्या, पण डॉक्टर नव्हेत. त्यांना शिकवले आणि दवाखान्याच्या अंगणात एक लाकडी बाक टाकला. लोक त्याला मैत्रीचा बाक म्हणतात.

आजी बाकावर बसते आणि ऐकते. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपली माणसे 'डोक्यात किडे पडलेत' म्हणतात, त्याच्या जवळचेच ते. आजी उपदेश करत नाही. सगळी संकटे एकेक करून बोलायला लावते, मग त्यातले एकच निवडायला सांगते. त्यावर या आठवड्यात काय करता येईल ते त्या माणसानेच ठरवायचे आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचे. एवढेच. २०१६ साली याची तपासणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत १०० पैकी ५० जणांना उदासीची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत १४ जणांना.

आणि आफ्रिकेपर्यंत कशाला जायचे? आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना तयार करून त्यांनी घरोघर विचारपूस केली. आधी उदासीने ग्रासलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जण कुठल्या मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षाने २७ पोचू लागले. उरलेले ७३ कुठे आहेत, हा प्रश्न राहतोच. पण ४ चे २७ झाले ते गावच्या माणसांनी केले, हे विसरू नका.

ऐकणे ही कला आहे आणि आपल्याकडे ती फार थोड्यांना येते. दुःख सांगायला माणूस आला की आपण दोन मिनिटांत त्याला आपले दुःख सांगू लागतो. नाहीतर "धीर धर, सगळं ठीक होईल" म्हणून मोकळे. त्याला काय कळत नाही का, की ठीक कसे होणार हे तुम्हालाही माहीत नाही? त्यापेक्षा गप्प बसा. घरी जा, चहा घ्या, वही काढायला सांगा. बँकेचे किती, सोसायटीचे किती, कृषी केंद्राची उधारी किती, सगळे एका कागदावर येऊ द्या. कागदावर आलेले कर्ज डोक्यातल्या कर्जापेक्षा बहुधा लहान निघते. आणि बँकेत जायचे असेल तर त्याला एकटे पाठवू नका, सोबत जा. बोलायचे त्यानेच, तुम्ही फक्त शेजारी बसायचे.

संशय आला तर सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडायचे नाही, फवारणीचे औषध घरातून हलवायचे आणि जिल्हा रुग्णालय गाठायचे. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर फुकट लागतो, मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नका. प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ठेवलेले नाही.

मायबहिणींना एक वेगळे सांगायचे आहे. गेलेल्याच्या मागे जी उरते, तिला सातबारा कुठे असतो तेही अनेकदा ठाऊक नसते. कर्जाचा आकडा तिला तेराव्यानंतर दारात आलेल्या माणसाकडून कळतो. तो आधी कळला असता तर? म्हणून घरच्या वहीवर बसताना दोघांनी बसायचे. ज्या घरात बाईला आकडा माहीत असतो, त्या घरात निदान दोन डोकी विचार करतात.

जेवणानंतर आपण तालुकावार बसणार आहोत. प्रत्येक तालुक्याने दोन गडी आणि दोन बाया निवडायच्या. भाषण करणारे नकोत. ज्यांच्याजवळ गावातली माणसे आपणहून बोलतात, असे निवडा, आणि एकाचे पोटातले दुसऱ्याच्या कानी घालणारा असेल तर त्याचे नाव कोणीही सुचवले तरी घेऊ नका. नावे संध्याकाळच्या आत कार्यालयीन चिटणीसांकडे द्या. पुढची बैठक पेरणीआधी घेऊ, आणि त्या बैठकीत आधी या चौघांना विचारू, किती घरी जाऊन आलात.