बुधवारचा धडा



आम्ही एका खेड्यातल्या शाळेत सातवीच्या वर्गात आठवडाभर बसलो. तिथे जे पाहिले, ते आज तुम्हांला सांगतो.

सोमवारी गुरुजींनी मुलांना पटांगणात नेले. टेपने मोजून फक्कीने एक चौकोन आखला. १० मीटर लांब, १० मीटर रुंद. गुरुजी म्हणाले, "पोरांनो, ही एक आर जमीन." आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. म्हणजे आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. गुंठा किंचित मोठा.

मंगळवारी मुलांनी त्या चौकोनात एकेक मीटरची घरे पाडली. मोजली तर भरली १००. लांबीला रुंदीने का गुणायचे, ते पोरांना डोळ्यांनी दिसले.

बुधवारी हेक्टर शिकवला. १०० आर म्हणजे १ हेक्टर. सातबारावर क्षेत्र लिहितात, त्यात पहिले घर हेक्टरचे, दुसरे आरचे, तिसरे चौरस मीटरचे. पण बुधवार हा तिथला बाजाराचा दिवस. पाच पोरे आलीच नाहीत.

गुरुवारी गुरुजींनी फळ्यावर लिहिले : ०.४५.००. विचारले, "ही जमीन किती?" आदल्या दिवशी न आलेली एक मुलगी उठली. म्हणाली, "शून्य. म्हंजे काहीच नाही." पोरे हसली. गुरुजी हसले नाहीत.

"काल कुठं होतीस गं?"

"बाजारात. भाजीच्या पाटीपाशी."

मुलगी हुशार होती. पण मधली पायरीच नसली, तर वर चढायचे कसे?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शेजारच्या मैत्रिणीने तिला पटांगणात नेऊन पुन्हा सगळे समजावले.

शनिवारी सकाळची शाळा. मुलांनी घरचा सातबारा आणायचा होता. त्या मुलीचे वडील स्वतःच कागद घेऊन आले. तिने बोट ठेवून वाचले : ०.८१.००. म्हणाली, "आबा, ८१ आर. म्हंजे सुमारे दोन एकर."

वडील खाली बसले. म्हणाले, "बरोबर! रान दोन एकरच हाय. पण कागदावर पहिलंच शून्य. मला वाटायचं, जमीन नावावरनं गेली. कुणाला विचारायचीबी भीती वाटायची."

मंडळी, त्या माणसाची भीती पोरीच्या एका धड्याने गेली. तो धडा बुधवारचा होता.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षण मोफत आहे. सहावी ते आठवीची शाळा वर्षाला निदान २२० दिवस भरली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आता हिशेब करा. शाळा आठवड्यातून सहा दिवस. दर आठवड्याला बाजाराचा एक दिवस बुडाला, तर वर्षाचे छत्तीस दिवस गेले. महिन्याहून जास्त!

घरात काम असते, हात कमी पडतात, हे आम्ही जाणतो. पण पाटीपाशी दुसरे कोणी बसू शकते. पोरीच्या जागी वर्गात दुसरे कोणी बसू शकत नाही.

तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? त्या दिवशी शाळेत जा आणि पोरे मोजून या. आता तुम्हांला आकडे येतात.