सामान मिळतं, माणूस घडवावा लागतो

दिल्लीत बिनतारी नेटवर्कचं सामान कुठे मिळेल, असं गावाकडची मुलं मला फोन करून विचारतात. सामान नेहरू प्लेसला मिळतं. राउटर, डिश, अँटेना, केबल, सगळं एका दुपारी हाती येतं. अडतं ते माहितगार माणसापाशी.

म्हणून मी त्यांना चंदेरीबद्दल सांगतो. दिल्लीच्या डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने इंटरनेट सोसायटीच्या साथीने २०१० साली ‘वायरलेस फॉर कम्युनिटीज’ हा उपक्रम सुरू केला. चंदेरी, आपल्याकडे लग्नकार्यात मिरवणाऱ्या साड्यांचं हे विणकरांचं गाव, त्यात अगदी सुरुवातीपासून होतं. फाउंडेशनने जाळं उभारलं आणि ते चालवायला तिथल्याच तरुणांना शिकवलं. मला हेच फार मोलाचं वाटतं. वादळात खांब कलला, तर दिल्लीहून इंजिनिअर येईपर्यंत गावाने का थांबावं?

हे शिक्षण वर्गात पुरं होत नाही. दोघं दोन गच्च्यांवर चढतात, फोन कानाला. एक डिश बोटभर सरकवतो, दुसरा पडद्यावरचा आकडा वाचतो: उणे ८२, उणे ७४, उणे ६३. आकडा शून्याकडे सरकला, की सिग्नल बळकट. नुसती समोरची गच्ची दिसून भागत नाही, मधल्या वाटेच्या आजूबाजूलाही मोकळीक लागते. उन्हाळ्यात निष्पर्ण सागांमधून छान लागलेली लिंक पावसाळ्यात तुटते, कारण ओली पानं लहरी शोषून घेतात.

महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकरांच्या गटाने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पातून पालघरच्या खेड्यांत अशीच जोडणी केली. तिकडे जाऊन पाहता आलं, तर जरूर पाहा.

कायद्याची वाटही पूर्वीपेक्षा सोपी आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. २०२० च्या ‘पीएम-वाणी’ योजनेत तर किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो.

तेव्हा आधी एखाद्या चालू जाळ्यावर हात बसवा, मग नेहरू प्लेस गाठा. उपकरणाला दूरसंचार विभागाची मान्यता आहे का, ते विचारा. केबल उन्हापावसात टिकणारीच घ्या. आणि अर्थिंगचे पैसे वाचवू नका; उंच खांबाला पहिल्याच वळिवात विजेचा धोका असतो.