गाठ जहाजाने, नमुना विमानाने

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रकावर आजचा विषय वाचून काही जणांनी विचारले, ‘विमानाच्या मालवाहतुकीशी आमचा काय संबंध? आमच्या गावाला अजून एसटी वेळेवर येत नाही.’ प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. विमानतळासाठी आणि कार्गो हबसाठी जी जमीन मागितली जाते ती आपली असते. आणि ‘तुमचा माल विमानाने परदेशी जाईल, शेतीचे सोने होईल’ हे आश्वासनही आपल्यालाच दिले जाते. जमीन आपली आणि आश्वासनही आपल्यालाच, तर मग हिशेब दुसऱ्याने का मांडावा? तो आज आपण मांडू.

उडते काय आणि उडत नाही काय

जगात देशादेशांत जेवढा माल हलतो, त्याचे वजन केले तर विमानातून जाणारा माल शंभरात एक हिस्सासुद्धा भरत नाही. पण किंमत पाहिली तर जवळजवळ तिसरा हिस्सा विमानातून जातो. म्हणजे विमानात चढतो तो वजनाला हलका आणि किमतीला भारी माल. औषधे, लसी, मोबाईल, यंत्रांचे सुटे भाग, फुले, ताजे मासे. दोन दिवस उशीर झाला तर ज्याची माती होते, किंवा ज्याच्यावाचून कारखाना बंद पडतो, तोच माल विमानाचे भाडे सोसू शकतो.

आता आपला कापूस घ्या. मालवाहू बोइंग ७४७ जातीचे मोठे विमान सुमारे ११० टन माल उचलते. म्हणजे ११०० क्विंटल रुई, १७० किलोच्या साडेसहाशे गाठी. तेवढ्याच गाठी चार-पाच मोठ्या कंटेनरांत बसतात, आणि आजची मोठी जहाजे असे हजारो कंटेनर एका खेपेत नेतात. विमानाचे भाडे जहाजाच्या कित्येक पट असते. कापूस काही नासत नाही, महिनाभर समुद्रावर राहिला तरी त्याचे बिघडत नाही. मग त्याला विमानात कोण बसवील? ज्वारीचे तर विचारूच नका. तिची सगळी किंमत भाड्यात जाईल आणि वर पदरचे घालावे लागतील. तेव्हा ‘कार्गो हब झाले की कापूस उडेल’ असे सांगणाऱ्याला कापूस ठाऊक नाही किंवा विमान ठाऊक नाही.

इथेच विषय संपला असता. पण जगातले एक मोठे कार्गो विमानतळ नेमके कापसाच्या बाजारपेठेत उभे राहिले आहे. ती हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

मेम्फिसची गोष्ट

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. आपल्याकडे अकोला, अमरावती, यवतमाळ ही कापसाची गावे, तसे हे अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकापासून तिथे कापसाची मोठी उलाढाल. नदीकाठच्या एका रस्त्यावर ओळीने कापूस व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या.

१७ एप्रिल १९७३ च्या रात्री या गावाच्या विमानतळावरून १४ लहान विमाने उडाली. त्यांत होती फक्त १८६ पार्सले, २५ शहरांसाठी. कंपनीचे नाव फेडरल एक्सप्रेस. तिचा संस्थापक फ्रेडरिक स्मिथ हा मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातच जन्मलेला. कल्पना साधी होती. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला विमान पाठवायचे नाही. सगळ्या गावांचा माल रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणायचा, तिथे निवडायचा आणि पहाटेच्या आत ज्या त्या गावाला रवाना करायचा. मेम्फिस देशाच्या मधोमध येते आणि हवामानामुळे तिथला विमानतळ क्वचितच बंद पडतो. म्हणून ते गाव निवडले.

विमाने लहान का होती? तिथेही त्या काळी परवान्याचे राज्य होते. मोठ्या विमानाने माल न्यायचा तर सरकारी मंडळाची परवानगी लागे, आणि जुन्या कंपन्या ती नव्या माणसाला मिळू देत नसत. ठराविक वजनाखालच्या विमानांना मात्र सूट होती. १९७७ साली अमेरिकेने हवाई मालवाहतुकीवरचे हे निर्बंध कायद्याने उठवले. कंपनीने लगेच मोठी विमाने घेतली. पुढे १९९३ पासून २००९ पर्यंत मालाच्या वजनाच्या हिशेबात मेम्फिस हे जगातले पहिल्या क्रमांकाचे विमानतळ होते.

नागपूर २४ वर्षे पुढे होते

ही कल्पना अमेरिकेची मक्तेदारी आहे असे कोणी समजू नये. ३० जानेवारी १९४९ पासून आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला, सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने परत आपापल्या गावी पोचत. मेम्फिसने १९७३ साली जे केले, ते नागपूरने २४ वर्षे आधी करून दाखवले होते.

मग मेम्फिस कुठे पोचले आणि नागपूर कुठे राहिले? १९५३ साली आपल्याकडे विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. नियमित विमानसेवा चालवण्याचा हक्क फक्त सरकारी महामंडळांना राहिला आणि तो कायदा १९९४ पर्यंत टिकला. टपालाची ती विमाने पुढे वर्षानुवर्षे चालली, नंतर बंद पडली. त्या जागी पार्सलांचा धंदा उभा करीन म्हणणाऱ्याला दारच बंद होते. आपल्याला हे नवीन नाही. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार आला, तेव्हा शेजारच्या राज्यात दोन पैसे जास्त मिळत असताना सीमेवर अडवलेल्या गाड्या इथल्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत.

मालवाहू विमानांसाठी भारताने १९९० साली आकाश खुले केले आणि १९९२ साली ते धोरण कायम केले. परदेशी मालवाहू विमानाला कुठल्याही योग्य विमानतळावर येऊन माल नेता येऊ लागला. पण २०२० साली हात पुन्हा आखडला. वेळापत्रकाबाहेरच्या परदेशी मालवाहू विमानांना दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहाच ठिकाणी येण्याची मुभा ठेवली. त्या यादीत नागपूर नव्हते. त्याच वर्षी ‘कृषी उडान’ योजना जाहीर झाली आणि २०२१ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात विमान उतरण्याचे आणि थांबण्याचे शुल्क माफ केले, तेही मुख्यतः ईशान्येकडच्या, डोंगरी आणि आदिवासी भागांतल्या विमानतळांवर. एका हाताने शुल्क माफ करायचे आणि दुसऱ्या हाताने ग्राहक कुठे उतरेल ते ठरवायचे, अशाने धंदा वाढत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याकडे उडण्याजोगे काय आहे?

एक वस्तू नक्की आहे. शेळ्या-मेंढ्या. आखाती देशांत त्यांना गिऱ्हाईक आहे. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून त्या विमानाने गेलेल्याही आहेत. नागपूरहून शारजाला पहिली खेप ३० जून २०१८ रोजी जाणार असे ठरले होते. जनावरांच्या निर्यातीला काही मंडळींनी विरोध केला आणि विमान रद्द झाले. ज्याच्या घरी दहा शेळ्या आहेत त्याला कोणी विचारले नाही. जनावरांचे हाल होऊ नयेत, त्यासाठी नियम कडक असावेत, हे बरोबरच आहे. पण नियम करणे वेगळे आणि बाजारच बंद करणे वेगळे.

दुसरी वाट फुला-भाज्यांची सांगतात आणि केनियाचा दाखला देतात. नैवाशा तळ्याकाठचे गुलाब रात्रीतून हॉलंडच्या बाजारात जातात, हे खरे. पण ते तळे आहे म्हणून. आपल्याकडे नोव्हेंबरात विहीर तळाला जाते. शिवाय एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी पेटला, राखेमुळे युरोपचे आकाश काही दिवस बंद राहिले आणि केनियात फुले उकिरड्यावर टाकावी लागली, मजूर घरी बसले. २०२० साली कोरोनात हेच जगभर झाले. विमानाने जाणारा जवळपास अर्धा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. प्रवासी विमाने थांबली, पोटातली जागा गेली आणि भाडे कित्येक पट चढले. विमानावर विसंबलेल्या मालाला ही जोखीम कायमची चिकटलेली असते.

तिसरी वस्तू कोणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे कापसाचा नमुना. दीडशे गाठींचे नमुने मिळून एका पोत्यात मावतात. खरेदीदार गाठ पाहून सौदा करीत नाही. नमुना आणि यंत्रावर तपासलेला कागद पाहून करतो. धाग्याची लांबी, ताकद, जाडी, कचरा किती, हे सगळे त्या कागदावर असते. गाठ जहाजाने सावकाश जाऊ द्या, नमुना विमानाने दोन-चार दिवसांत पोचला की सौदा होतो. अमेरिकेत गाठीगाठीची सरकारी प्रयोगशाळेत अशी तपासणी होते. आपला कापूस अजूनही मूठभर हातात घेऊन, डोळ्यांनी पाहून मापला जातो. त्या मुठीत तुमचा चांगला कापूस शेजारच्या ओल्या कापसाच्या भावात जातो.

हिशेब असा. पाच क्विंटल कापसाची साधारण एक गाठ होते. दीडशे गाठींचा एक मोठा कंटेनर भरतो. म्हणजे ५० क्विंटल कापूस असलेले १५ शेतकरी एकत्र आले, एकाच जातीचा कापूस सुती कापडात वेचला, प्लॅस्टिकचे पोते आणि नायलॉनची सुतळी लांब ठेवली, जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करून घेतली, तर त्यांच्याजवळ एका कंटेनरचा माल आणि त्याचा कागद असतो. मग तो गावातल्या एकाच व्यापाऱ्याला दिला पाहिजे असे नाही.

जमिनीचा प्रश्न

आता मेम्फिसच्या गोष्टीतला राहिलेला भाग. मेम्फिसला माल निवडण्याच्या कामावर हजारो लोकांना रोजगार मिळाला. पण शेजारच्या मिसिसिपी डेल्टातल्या कापूसपट्ट्याची गणना आजही अमेरिकेच्या सर्वांत गरीब भागांत होते. विमाने डोक्यावरून गेली, पैसा खाली उतरला नाही. विमानतळ मोठा झाला की भोवतालचा शेतकरी आपोआप मोठा होतो, असे नाही.

नागपूरच्या मिहानसाठी २००२ साली कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची जमीन गेली. मोबदला आणि पुनर्वसनाची भांडणे वर्षानुवर्षे चालली. विमानतळ चालवायला कोणाला द्यायचा, हा वादच २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, त्यावरची शेवटची याचिका २०२४ साली संपली. सरकारला आणि कंपनीला वाट पाहता येते. जमीन दिलेल्या माणसाचे वीस वर्षांचे पीक मात्र परत येत नाही.

म्हणून उद्या आपल्या शिवारात कोणी नकाशा घेऊन आला, तर तीन प्रश्न विचारा. इथून कोणता माल, कोणत्या भाड्याने जाणार? जमीन विकत घेणार, की भाडेपट्ट्याने घेऊन दर वर्षी हिस्सा देणार? आणि ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही, तर जमीन परत कोणाची? उत्तर कागदावर लिहून घ्या.

पुढच्या बैठकीआधी

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली मुंबईपर्यंत पूर्ण झाला. चांगलेच झाले. पण त्यावर गावातून सरळ चढता येत नाही, आणि त्याच्या तोंडापर्यंतची पाणंद पावसाळ्यात चिखलात जाते. आपली वाहतूक पहिल्या पाच किलोमीटरमध्येच मार खाते. आपल्या मागण्यांचा क्रम त्यामुळे असा हवा: आधी पाणंद रस्ता, मग माल तारण ठेवता येईल असे गोदाम, मग तालुक्याला रुई तपासणारे यंत्र. विमानाचा नंबर त्यानंतर.

आणि या सगळ्याच्या वर एक मागणी. एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका आदेशाने थांबवली गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. दार कधी बंद होईल आणि कधी उघडेल हे दिल्लीत ठरत असेल, तर गाडी किती वेगाने पळते याला काही किंमत नाही.

प्रत्येक गावाने या हंगामात फक्त १५ नावे काढावीत. एक जात, एक जिनिंग, एक कंटेनर. विमानाच्या गप्पा मारणाऱ्यांना मग आपला कागद दाखवून विचारता येईल, बोला, तुम्ही काय नेता?