साइट एकदा उन्हात नेऊन बघा

रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदार काकांसाठी मी वेबसाइट केली. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, नाजूक बटण. लॅपटॉपवर एकदम भारी! मग भर दुपारी बागेत त्यांच्या हातात फोन दिला, तर 'ऑर्डर करा' त्यांना दिसेचना. म्हणाले, "माझे डोळेच गेले असतील रे."

नाही काका, चूक माझी होती.

वेब ॲक्सेसिबिलिटीचा नियम आहे: नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांचा काँट्रास्ट किमान ४.५:१ हवा. बटण बोटाने दाबायचं असतं. अँड्रॉइड त्यासाठी साधारण ९ मिलिमीटर जागा सांगतं. आणि मराठीत ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर उकार-वेलांट्या एकमेकांत अडकतात.

गिऱ्हाईक तक्रार करत नाही, स्वतःलाच दोष देतं आणि निघून जातं. भेटू पुढच्या भागात!