शिकून झालेले आपले आहे

(नामपूर, तालुका बागलाण, जिल्हा नाशिक येथे विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पहिली किंवा दुसरी पिढी आज महाविद्यालयाची पायरी चढत आहे. याचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो वाटणे योग्यच आहे. परंतु महाविद्यालयात नाव दाखल होणे ही एक गोष्ट आणि विद्यापीठाच्या दप्तरात आपले शिक्षण बिनचूक नोंदले जाणे ही दुसरी गोष्ट. पहिलीकडे आपले लक्ष असते, दुसरीकडे नसते. मुलगा एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाला, घरात आजारपण आले, कांद्याच्या हंगामात हात कमी पडले, मुलीचे लग्न ठरले, की आपण म्हणतो, "शिक्षण सुटले." मी वकील आहे, म्हणून आपणांस विचारतो की, शिक्षण सुटले हे ठरविले कोणी? विद्यापीठाने काय? कायद्याने काय? बहुतेक वेळा दोघांनीही तसे ठरविलेले नसते. नियम ठाऊक नसल्यामुळे आपणच तो निकाल देऊन मोकळे होतो. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, जे शिकून झाले ते आपले आहे. ते दप्तरात लिहिलेले असते व ते मागण्याचा आपणांस अधिकार असतो. मात्र हा अधिकार तोंडी बोलण्याने टिकत नाही, तो लेखी कागदाने जपावा लागतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराघरांत भिंतीवर आहे. बाबासाहेबांनी १९१५ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली आणि १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पुढल्याच वर्षी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी परतावे लागले. पण ते नुसते निघून आले नाहीत. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसा जमविला व १९२० मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, ते लंडनला परत गेले. १९२१ साली एम. एस्सी. व १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांच्या हाती आल्या. शिक्षणात खंड पडला खरा. परंतु त्या परवानगीमुळे खंडाचा शेवट झाला नाही. आपल्या मुलांनी त्यांच्या बुद्धीची बरोबरी करावी असे मी म्हणत नाही. जाण्यापूर्वी परवानगी घेण्याची त्यांची शिस्त मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला उचलता येण्यासारखी आहे.

आता विद्यापीठात विद्यार्थ्याची स्थिती कशी ठरते ते पाहू. वर्षाची दोन सत्रे असतात. हजेरी व अंतर्गत काम पूर्ण झाले की सत्र मंजूर होते आणि परीक्षेला बसता येते. सर्व विषय सुटले तर प्रश्नच नाही. काही विषय राहिले, पण नियमाने ठरविलेल्या मर्यादेत राहिले, तर पुढील वर्गात बसू देतात. यालाच मुले एटीकेटी म्हणतात. एटीकेटी म्हणजे नापास होणे नव्हे. तिचा अर्थ इतकाच की, पुढे चला, मागचे फेडा. मर्यादेपेक्षा अधिक विषय राहिले तर त्या वर्षी पुढील वर्गात जाता येत नाही. परंतु तेव्हाही जे विषय सुटले ते सुटलेलेच राहतात, फक्त राहिलेल्यांची परीक्षा पुन्हा द्यावयाची असते. ही मर्यादा प्रत्येक अभ्यासक्रमाची निराळी असते व ती अभ्यासक्रमाच्या नियमावलीत छापलेली असते. प्रवेशाच्या दिवशीच ती नियमावली मागून घ्या. निकाल हाती आल्यावर रडत बसण्यापेक्षा निकालापूर्वी नियम वाचलेला बरा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता सर्व हिशेब श्रेयांकांत, म्हणजे मुले ज्यास क्रेडिट म्हणतात त्यात, मांडला जातो. पंधरा तासांच्या तासिकांना एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयाप्रमाणे एका वर्षाचे ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ श्रेयांक होतात. पहिल्या वर्षानंतर थांबणे भाग पडले तर ठरवून दिलेले ४ जादा श्रेयांक पूर्ण करून प्रमाणपत्र घेता येते. दुसऱ्या वर्षानंतर त्याच रीतीने पदविका मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात असे थांबलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येण्याची व एकंदर सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. तेव्हा उसनवारी फेडण्यासाठी मुलाला वर्षभर कामाला लावावे लागले तर लावा. पण आधी महाविद्यालयात जाऊन रीतसर अर्ज द्या, प्रमाणपत्र घ्या व परत येण्याची शेवटची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

हे श्रेयांक साठविण्यासाठी २०२१ साली आयोगाने एक पेढी निर्माण केली. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स हे तिचे नाव. बँकेत पैसे असतात, तसे येथे विद्यार्थ्याच्या खात्यावर श्रेयांक असतात. परंतु एक भेद ध्यानात ठेवा. बँकेत आपण स्वतः पैसे भरतो, या पेढीत विद्यार्थ्याला स्वतः काहीच भरता येत नाही. शिक्षणसंस्थेने पाठविलेले श्रेयांकच तेथे जमा होतात. म्हणून प्रत्येक सत्राच्या निकालानंतर खाते उघडून पाहणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. गुणपत्रिकेत आहेत ते सर्व श्रेयांक खात्यात नसतील तर त्याच महिन्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज करावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. तीन वर्षांनी शोधू लागल्यास जबाबदार कारकून बदललेला असतो आणि जुनी यादी कपाटात कोठेतरी पडलेली असते. शिवाय या श्रेयांकांनाही मुदत असते. सर्वसाधारणपणे ती अधिकांत अधिक सात वर्षांची आहे. एकदा पदवीसाठी वापरलेला श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी वापरता येत नाही.

आता नामपूरच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा मुद्दा सांगतो. आपला बागलाण तालुका सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. शेजारचा साक्री तालुका धुळे जिल्ह्यातला आहे आणि तो जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. सोयरीक करताना आपण जिल्ह्याची हद्द पाहत नाही. पण मुलगी साक्रीकडे सासरी गेली की तिचे विद्यापीठ बदलते. समजा, ती दुसरे वर्ष उत्तीर्ण होऊन गेली. घरचे म्हणतात, आता तिकडे नाव घाला. तेथे स्थलांतर प्रमाणपत्र लागते, पात्रतेची छाननी होते, विषय जुळतात की नाही हे ते विद्यापीठ ठरविते. त्यातच २०२१ च्या नियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. हिशेब करा. १३२ पैकी ८८ श्रेयांक पुण्याचे झाले असतील, तर उरलेले ४४ म्हणजे केवळ एक तृतीयांश. एवढ्यावर दुसऱ्या विद्यापीठाची पदवी मिळणे कठीण. अशा मुलीने घाईने दाखला काढू नये. नाव पुणे विद्यापीठातच ठेवावे आणि उरलेल्यांपैकी कोणते श्रेयांक सासरजवळच्या संस्थेतून घेता येतील याची लेखी परवानगी आपल्या महाविद्यालयाकडे मागावी. याउलट पहिले वर्षच झाले असेल तर बदली सोपी पडते. म्हणून सासरच्या मंडळींशी मुलीच्या शिक्षणाचे बोलणे करावयाचे ते साखरपुड्याच्या आधी, आणि ते करताना तिची गुणपत्रिका समोर ठेवून करावे. शिष्यवृत्ती चालू असेल तर संस्था बदलण्यापूर्वी समाजकल्याण विभागाला कळविणेही विसरू नये.

बदलीच्या वेळी दुसरी अडचण मूळ कागदांची येते. फी बाकी आहे, शिष्यवृत्ती आली नाही, असे सांगून कागद अडकविले जातात. आयोगाने २०१८ साली स्पष्ट बजावले आहे की, प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे विद्यार्थ्यासमोर पडताळून तत्काळ परत द्यावीत आणि संस्थेने केवळ स्वसाक्षांकित प्रती ठेवाव्यात. तेव्हा मूळ कागद टेबलावर सोडून घरी येऊ नका. सोडावे लागलेच तर कोणते कागद दिले त्याची यादी करून तिच्यावर सही-शिक्का घ्या.

आपल्या समाजाच्या दप्तराविषयी आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. धर्मांतरानंतर जुन्या शाळेच्या दाखल्यावरील जातीचा शब्द आपल्या डोळ्यांना बोचतो. काही कुटुंबांनी तसे दाखले फाडून टाकले. त्यामागील भावना मी समजू शकतो, परंतु कृती घातक आहे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातींमध्ये बौद्धांचा समावेश नव्हता. तो १९९० च्या दुरुस्तीने झाला. तेव्हापासून बौद्ध हा धर्म लिहूनही पूर्वजांची जात अनुसूचित असल्याचे सिद्ध केले तर सवलत मिळते. ते सिद्ध करण्यासाठी पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे पाहते. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातील नोंद हाच तो पुरावा. तो दाखला आपला अपमान नसून आपल्या नातवंडांचा साक्षीदार आहे. धर्म बौद्ध लिहा, अभिमानाने लिहा; पण सर्व भावंडांच्या कागदांत एकसारखा लिहा आणि जुना कागद जिवापाड जपा.

परंतु हक्कासाठी लिहिलेली जात चारचौघांत पुकारण्यासाठी नसते. २०१२ साली आयोगाने केलेल्या नियमांत वर्गामध्ये विद्यार्थ्यांच्या जाती जाहीर करणे किंवा कोणास राखीव प्रवर्गाचा म्हणून हिणविणे हा भेदभाव ठरविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक तरतुदींस त्यानंतर अठरा महिन्यांचा अवधी ठेवलेला आहे. या कायद्याने माहिती कशासाठी घेतली हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि तक्रारीचा अधिकार दिला आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते.

माहिती दुसऱ्याच्या हाती जाते ती मात्र पुष्कळदा आपल्याच हाताने. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सेवा केंद्रातला माणूस स्वतःचा मोबाइल क्रमांक घालतो, पासवर्ड तोच ठरवितो, आणि आपण बिनघोर घरी येतो. पुढे अर्जात त्रुटी निघाली की निरोप त्याच्याकडे जातो, आपल्याकडे नाही. तो मनुष्य प्रामाणिक असेलही. पण चावी आपल्या घराची, ती आपल्याच कमरेला असावी. अर्जावर आपलाच क्रमांक द्या, पासवर्ड वहीत लिहून पेटीत ठेवा आणि आलेला ओटीपी कोणासही सांगू नका.

दुसऱ्याने आपले दप्तर पाहू नये, तसेच आपले दप्तर आपणांस दिसलेच पाहिजे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर देणे संस्थेवर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही दहा रुपये लागत नाहीत. शिवाय २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावयास हवी आणि तीत किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावयास हवा. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे पंधरा दिवसांत अपील करता येते. हे सर्व वकिलावाचून करता येते. एक कागद, एक पेन व प्रतीवरची पोच एवढेच लागते.

म्हणून घरोघरी एक काम करा. एक जाड फाईल आणा. तीत शाळेचा दाखला, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, फीच्या पावत्या, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच लावलेली प्रत ठेवा. सातबारा जसा आपण ऊनपावसापासून जपतो, तशी ती जपा. ज्याच्याकडे शेत नाही, त्याच्याकडे मुलाचे शिक्षण हीच जमीन आहे, आणि तिचा उतारा दुसऱ्याच्या कपाटात राहू देणे परवडणारे नाही. या सभेतून घरी गेल्यावर आज रात्रीच मुलीला विचारा, "बाळ, तुझ्या खात्यावर किती श्रेयांक जमा आहेत?" तिला सांगता आले नाही, तर उद्या सकाळी तिच्याबरोबर महाविद्यालयात जा.

जय भीम.