लुटुपुटूचं मत्स्यालय

आज बुटांच्या खोक्यातून मत्स्यालय कसं करायचं, यावर बोलणार आहे. निवृत्त फौजी आणि कागदी मासे, असं म्हणून काही जण हसतील. पण फौजेतही आम्ही हेच करायचो. मोहिमेआधी जमिनीवर त्या मुलखाचं सँड मॉडेल रचलं जातं. मातीचे डोंगर, निळ्या भुकटीची नदी, हिरव्या भुशाचं जंगल. मग सगळे भोवती बसून प्रश्न विचारतात. नदी खोटी असते, बोलणं मात्र खरं असतं.

आपली कितीतरी नातवंडं महाराष्ट्राबाहेर वाढताहेत. त्यांना मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर हिंदीत येतं. माझी नात बंगळुरूला असते, तिचंही तसंच. समोर बसवून "मराठीत बोल" म्हटलं की मूल गप्प होतं. हात कामात गुंतले की तेच मूल आपणहून बोलू लागतं. म्हणून हा खटाटोप.

साहित्य घरातलंच. बुटांचं खोकं, जुन्या लग्नपत्रिका, दोरा, हिरवी लोकर, थोडी वाळू, पिस्त्यांची टरफलं, डिंक.

खोकं आडवं उभं करा, उघडी बाजू आपल्याकडे. आतून निळा रंग द्या, वर फिकट, खाली गडद. तो वाळेपर्यंत मासे कापायचे. पत्रिकेचा चकचकीत कागद माशाला शोभतो. तळाला डिंक लावून वाळू भुरभुरवा, टरफलांचे शिंपले चिकटवा. लोकरीचं शेवाळ करा. खोक्याच्या वरच्या बाजूला दोन-तीन लांब चिरा पाडा. कटर मोठ्यांनीच चालवायचा. माशाचा दोरा चिरेतून वर काढून काडेपेटीच्या काडीला बांधा. काडी सरकवली की मासा पोहतो. मोठे मासे पुढे, छोटे मागे टांगा, म्हणजे खोकं खोल दिसतं.

आता मुख्य काम. मासा नुसता 'फिश' राहू देऊ नका, त्याला नाव द्या. पापलेट चपटं, चंदेरी. २०२३मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. बांगडे थव्यानं राहतात, तेव्हा एक करून भागणार नाही, पाच-सहा हवेत. लेपा तळाच्या वाळूत पडून असतो आणि त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. हे सांगितलं तेव्हा माझ्या नातीनं कात्री खाली ठेवली. "आजोबा, खरंच? मग दुसऱ्या बाजूनं त्याला दिसत नाही?" अख्खं वाक्य मराठीत! मी कौतुक केलं नाही, नुसतं उत्तर दिलं. कौतुक केलं की मूल सावध होतं.

समुद्र लांब असेल तर नदीचं खोकं करा. इंदूर, जबलपूरच्या मंडळींनी नर्मदा करावी. त्यात रोहू, कटला आणि मध्य प्रदेशाचा राज्यमासा महाशीर. खवले, कल्ले, पर, शेपूट हे शब्द कापता कापता येतात, पाठ करावे लागत नाहीत.

एक पथ्य पाळा. मासा तिरका लटकला तर आपण सरळ करू नका. भोक शेपटीकडे पडलं की डोकं खाली जातं. भोक थोडं पुढे घेऊन पाहणं मुलाचं काम. त्या धडपडीत "अजून थोडं इकडे", "नको, पडेल" अशी रोजची बोली कानावर पडते आणि तोंडात बसते.

खरे मासेच का नाहीत, असं कोणी विचारेल. काचेच्या छोट्या गोल भांड्यात माशाचे हाल होतात. पाणी लवकर खराब होतं, हवा कमी पडते, आणि मुलं हौसेनं भरमसाट खायला घालतात. जीव पाळायचा तर मोठी टाकी, फिल्टर आणि रोजची जबाबदारी हवी. तोवर कागदी मासे बरे. मुलांनी त्यांना कितीही हाताळावं.

खोकं तयार झालं की शोकेसमध्ये ठेवू नका. मुलांबरोबर त्यांच्या गावी जाऊ द्या. मग फोनवर "अभ्यास काय म्हणतो" विचारण्यापेक्षा "लेपा काय म्हणतो" विचारा. बोलायला विषय राहतो, तोही मराठीत.

या रविवारी एक खोकं घेऊन बसा.